तेरा निळी पाकिटे

मंडळी, देशाटनाने माणूस शहाणा होतो असे आपण म्हणतो खरे. पण नुसते हिंडून शहाणपण येत असते तर सामानाच्या पेटीलाही ते आले असते! मग परमुलखात असे काय घडते, की माणसाला स्वतःची ओळख पटावी? त्यासाठी एका इंग्रजी कादंबरीची गोष्ट पाहू.

मॉरीन जॉन्सन या अमेरिकन लेखिकेने कुमारवयीन वाचकांसाठी लिहिलेली 'थर्टीन लिटल ब्लू एन्व्हलप्स' ही कादंबरी २००५ साली निघाली. तिची नायिका जिनी सतरा वर्षांची, बुजरी. तिची पेग मावशी चित्रकार, मनस्वी. मावशी वारते, आणि मागाहून जिनीच्या हाती तिची तेरा निळी पाकिटे येतात. अटी पाहा: पाठीवरच्या पिशवीत मावेल तेवढेच सामान, वाटाड्या पुस्तक नको, जादा पैसा नको, टेलिफोन नको. घरी खुशाली कळवायची ती पत्राने. पाकिटेही क्रमानेच फोडायची.

लंडन, एडिंबरो, रोम असा फेरा सुरू होतो. कामे दिसायला साधी. धडपडणाऱ्या एखाद्या कलावंताला पैशाची मदत कर. रोममध्ये एखाद्या मुलाला आपण होऊन केक खायला बोलाव. पण बुजऱ्या पोरीला हा डोंगरच! घरी 'ती लाजरीच आहे' म्हणून सगळे सांभाळून घेतात. परक्या गावात तिला ओळखतो कोण? तिथे बोलावेच लागते.

पुढे ग्रीसमध्ये, ती पोहायला गेली असताना, पिशवीच चोरीला जाते आणि तेरावे पाकीट न फोडताच हातचे जाते. आजवर मावशी सांगत होती, ही करत होती. आता सांगणारे कोणी नाही. पुढचे तिला आपल्याच डोक्याने ठरवावे लागते. कादंबरीचा गाभा मला इथे दिसतो.

शिक्षक बंधुभगिनींनो, वर्गात ही गोष्ट सांगितलीत तर मुले विचारतील, "गुरुजी, आम्ही कुठे परदेशी जाणार?" प्रश्न रास्त आहे. पण मावशीने नुसता खर्च दिला नाही. काम दिले, आणि कसे करायचे ते जिनीवर सोडले. एवढे आपल्यालाही जमेल. तालुक्याला पोस्टाच्या कामाला मुलाला, आणि मुलीलाही, एकटे धाडून पाहा. फॉर्म त्यांनाच भरू द्या, चौकशी त्यांनाच करू द्या. वेळ लागेल, चार चुका होतील. आईबापांना घोर लागतो, हे खरे. पण पत्रे लिहिणारी मावशी जन्माला पुरत नाही!