चिंचेवरच्या माहेरवाशिणी



आज आम्ही बोलणार आहोत ते एका पक्ष्याबद्दल. पण हा विषय निघाला तो आमच्या बचत गटाच्या बैठकीत, तोही हप्त्याच्या वसुलीवरून. म्हणून आधी तेच सांगतो.

आमचं गाव उजनी धरणाच्या फुगवट्याच्या काठाला आहे. फेब्रुवारीची बैठक होती. सगळ्यांचे हप्ते जमा झाले, एका मावशींचा राहिला. त्या म्हणाल्या, "माझा हप्ता दरवर्षी चिंचेवर असतो. व्यापारी झाड उक्तं घेतो आणि रोख पैसे देतो. यंदा त्या चिंचेवर ढोक येऊन बसलेत. खाली उभं राहवत नाही इतका वास येतो. पापड वाळत घालायची सोय राहिली नाही. चिंच झोडायला माणूस वर चढायला तयार नाही. लाकूडवाला झाडाचे पैसे देतो म्हणतोय. देऊन टाकते झाड."

बैठकीत दोन गट पडले. एकीचं म्हणणं, झाड तिचं, अडचण तिची, निर्णयही तिचाच. दुसरीचं म्हणणं, वर पिल्लं आहेत, लेकुरवाळ्या बाईनं असं कसं करावं? शेवटी ठरलं की ठराव पुढच्या बैठकीत घ्यायचा. तोवर आपण या पक्ष्याची नीट माहिती करून घ्यायची. आम्ही जुन्याजाणत्या मच्छीमारांना विचारलं, पुस्तकं पाहिली, आणि मुख्य म्हणजे झाडाखाली बसून बघितलं. जे समजलं ते आज तुमच्यापुढे ठेवतो.

हा बगळा नव्हे

पाणथळीतला प्रत्येक लांब पायांचा पक्षी आपण बगळा म्हणून मोकळे होतो. मावशींच्या झाडावर होता तो चित्रबलाक. त्याला रंगीत करकोचा म्हणतात, चामढोकही म्हणतात. ओळखायची सोपी खूण आहे. बगळा उडताना मान दुमडून घेतो, करकोचा मान सरळ पुढे ताणून उडतो.

चित्रबलाक उभा राहिला तर आपल्या कमरेच्या वर येतो, साधारण तीन ते सव्वातीन फूट. चोच लांब, जाड, पिवळी आणि टोकाला किंचित खाली वाकलेली. तोंडावर पिसं नाहीत, कातडी केशरी-लाल. छातीवर काळा पांढरा पट्टा आणि शेपटीजवळ गुलाबी पिसं. नऊवारीच्या काठासारखी ती गुलाबी पिसं मागे लोंबतात. नर-मादी दिसायला सारखीच, नर थोडा मोठा. पिल्लं मात्र मळकट रंगाची असतात. हा रंग अंगावर चढायला त्यांना काही वर्षं लागतात.

आणखी एक गंमत. मोठा करकोचा जवळजवळ मुका असतो. आपल्याला झाडावरून टकटक, कटकट असा आवाज येतो तो गळ्यातून निघत नाही, चोचीवर चोच आपटून काढलेला असतो. भूक लागली म्हणून ओरडतात ती पिल्लं.

न बघता मासा धरणारा

बगळा पाण्यात टक लावून उभा राहतो आणि मासा दिसला की झडप घालतो. चित्रबलाकाची रीत वेगळी आहे. तो उथळ पाण्यात शिरतो, चोच अर्धी उघडी ठेवून पाण्यात बुडवतो आणि मान डावीकडे-उजवीकडे फिरवत हळूहळू चालतो. मध्येच पायानं तळाचा गाळ ढवळतो. दडलेला मासा हलतो, चोचीला लागतो, आणि लागताक्षणी चोच मिटते. डोळ्यांचं काम इथे फार नाही, सगळं स्पर्शावर चालतं. अंधारात डब्यात हात घालून आपण जिरं की मोहरी ते चाचपून ओळखतो ना, तसंच. म्हणून गढूळ पाण्यातही त्याचं पोट भरतं.

पण या रीतीला एक अट आहे. पाणी उथळ हवं, वीतभर किंवा थोडं जास्त. खोल पाण्यात तो उभाच राहू शकत नाही. आणि त्या उथळ पाण्यात मासे दाटीनं हवेत, नाहीतर दिवसभर चोच फिरवून हाती काही लागणार नाही.

आता उजनीचं गणित बघा. धरण भरलेलं असतं तेव्हा काठाला खोल पाणी असतं. थंडी सरली, कालव्यांना पाणी सुटलं की फुगवटा मागे हटायला लागतो. काठाची जमीन उघडी पडते, जागोजागी डबकी राहतात आणि त्यात चिलापीची पिल्लं आणि इतर बारके मासे अडकतात. पक्ष्यासाठी ही भरलेली दुरडीच. इंदापूरला तहसील कचेरीच्या आवारातल्या चिंचांवर आणि भिगवणजवळ भादलवाडीच्या तलावातल्या झाडांवर हे पक्षी वीण करतात, ते या हिशेबानं. उत्तर भारतात पावसानं तळी भरून मासे वाढले की पावसाळ्याच्या अखेरीस त्यांची घरटी सुरू होतात. म्हणजे पंचांग जागेप्रमाणे बदलतं, पण नियम एकच. घरात पिल्लं असतील तेव्हा उथळ पाण्यात मासा मुबलक हवा.

त्याच्याच कुळातला मुग्धबलाक बघितला तर हीच गोष्ट वेगळ्या तऱ्हेनं कळते. त्याच्या दोन चोचींच्या मध्ये फट असते, चोच पूर्ण मिटतच नाही. त्याचं मुख्य खाणं गोगलगायी. चोचीच्या टोकानं तो शिंपल्याच्या झाकणाआडचा मांसल भाग सोडवून बाहेर ओढतो. पिल्लाच्या चोचीला ही फट नसते, ती वाढत्या वयात येते. एकाला मासा, दुसऱ्याला गोगलगाय. पाणथळ जिवंत असेल तर दोघांचं भागतं. ती बुजली, किंवा शेतातलं औषध त्यात उतरलं, तर दोघंही उपाशी राहतात.

घरटं आणि बाळंतपण

चित्रबलाक एकटा घरटं करत नाही. एकाच झाडावर अनेक जोड्या राहतात. मावशींच्या चिंचेवर आम्ही तेवीस घरटी मोजली. घरटं म्हणजे काटक्यांचा मोठा माचा. त्यात दोनापासून पाचापर्यंत अंडी, बहुतेक वेळा तीन-चार. नर आणि मादी आळीपाळीनं उबवतात. महिनाभरानं पिल्लं निघतात. ती उडायला लागेपर्यंत आणखी दोन महिने जातात. काटक्या गोळा करण्यापासून धरलं तर बाळंतपण चार महिन्यांचं.

या चार महिन्यांत आई-बाप काय करतात ते बघण्यासारखं आहे. एक जण घरट्यावर थांबतो, दुसरा पाण्यावर जातो. मासे पोटात भरून आणतो आणि घरट्यात ओकतो, पिल्लं ते उचलून खातात. एप्रिलच्या उन्हात मोठा पक्षी पंख पसरून पिल्लांवर छत्रीसारखा उभा राहतो. चोचीतून पाणी आणून पिल्लांच्या अंगावर सोडतो. स्वतःला उकडलं की स्वतःच्याच पायांवर शिटतो, ती ओल वाळताना पायातलं रक्त थंड होतं. म्हणून त्यांचे गुलाबी पाय पुष्कळदा चुना लावल्यासारखे पांढरे दिसतात. मावशींना ज्याचा राग होता तो वास या सगळ्यामुळेच. थोडा शिटेचा, थोडा खाली पडलेल्या माशांचा.

मग इतकी झाडं असताना ते माणसांच्या दारात का येतात? त्यांना हवं असतं उंच, पसरलेलं, वजन पेलणारं जुनं झाड, पाण्यापासून फार लांब नसलेलं. रानमांजरासारखे शत्रू जिथे यायला कचरतात अशी जागा. एकतर ते झाड पाण्यात उभं असावं, नाहीतर माणसांत. तळ्यातल्या बाभळी गेल्या, रस्ता रुंद करताना वड-चिंचा गेल्या, मग उरली मावशींच्या दारची चिंच.

दुसऱ्या गावांनी काय केलं

ही अडचण आपल्यालाच पहिल्यांदा आलेली नाही. कर्नाटकात मंड्या जिल्ह्यात कोक्करेबेल्लूर नावाचं गाव आहे. कन्नडमध्ये कोक्करे म्हणजे करकोचा. तिथे चित्रबलाक आणि पेलिकन, म्हणजे झोळीवाले पक्षी, गावातल्या चिंचांवर पिढ्यान्‌पिढ्या घरटी करतात. गावातली माणसं म्हणतात, या आमच्या लेकी, बाळंतपणाला माहेरी येतात. माहेरी आलेल्या लेकीला कोण हाकलतं? पण तिथली माणसं नुसत्या मायेवर थांबली नाहीत. झाडाखाली पडलेली शीट मातीत मिसळून त्यांनी शेताला खत केलं. पक्ष्यांमुळे ज्यांची चिंच बुडते, त्या झाडमालकांना वनखात्याकडून भरपाई मिळू लागली. २००७ मध्ये ती जागा सामुदायिक राखीव क्षेत्र म्हणून जाहीर झाली.

दुसरं उदाहरण आसामच्या कामरूप जिल्ह्यातलं, आणि ते थेट आपल्यासारख्या बायकांचं आहे. तिथे हरगिला नावाचा थोराड करकोचा आहे. दिसायला टकला, गळ्याला पिशवी, मेलेलं जनावरही खातो. लोक त्याला अपशकुनी मानायचे, घरटी असलेली कदंबाची झाडं तोडायचे. २००७ मध्ये असंच एक झाड पडलं, पिल्लं खाली आली. ते पाहून पूर्णिमा देवी बर्मन या अभ्यासक बाईंनी आधी गावातल्या बायकांना गाठलं. हरगिला व्याली की बायका जमवून त्यांनी चक्क तिचं डोहाळजेवण घालायला सुरुवात केली. बायकांना हातमाग मिळाले, साड्यांवर आणि गमछांवर हरगिलाची नक्षी आली, ती विकून घरात पैसा आला. ददरा, पचारिया आणि सिंगीमारी या गावांत तेव्हा २८ घरटी होती, ती पुढे २५० च्या वर गेली. २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण संस्थेनं बर्मन ताईंचा सन्मान केला. आज त्या कामात दहा हजारांवर बायका आहेत.

दोन्ही ठिकाणी आम्हाला एकच गोष्ट दिसली. पक्ष्याचं ओझं एकट्या झाडमालकिणीवर टाकलं नाही, ते गावानं वाटून घेतलं.

आमच्या गटानं घेतलेला ठराव

मार्चच्या बैठकीत आम्ही हे सगळं मांडलं. कायद्याचंही सांगितलं. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे रानपक्ष्यांची अंडी-घरटी मोडणं हे शिकारीतच धरलं जातं. पण कायद्याचा धाक घालून मावशींचा हप्ता भरला जाणार नव्हता. म्हणून ठराव असा झाला.

मावशींचे चार हप्ते पुढे ढकलायचे आणि त्या काळाचं व्याज गटानं माफ करायचं. पापड-कुरडया शेजारच्या दोन सभासदांच्या गच्चीवर वाळवायच्या. घरटी नव्हती त्या खालच्या फांद्यांची चिंच काढायची, वरच्या फांद्यांना हात लावायचा नाही. झाडाखाली पालापाचोळा पसरायचा, दर आठवड्याला तो पाणी शिंपडून, नाकाला पदर बांधून गोळा करायचा आणि खड्ड्यात मातीबरोबर कुजवायचा. कोरडी शीट झाडू नये, तिची धूळ छातीत जाते. ताजी शीट रोपाच्या बुडाशीही टाकू नये, मुळं जळतात. कुजली की उत्तम खत.

व्याजमाफीवर वाद झाला, हे लपवत नाही. "उद्या प्रत्येकीच्या झाडावर पक्षी बसेल," असं एक ताई म्हणाल्या. त्यावर आमच्या सचिव ताईंनी विचारलं, "प्रत्येकीच्या दारात एवढं मोठं झाड राहिलंय का?" कुणी उत्तर दिलं नाही. ठराव लिहिला गेला आणि सगळ्यांच्या सह्या झाल्या.

मे महिन्यात वादळात एक पिल्लू खाली पडलं. पोरांनी त्याला दूध-पोळी देऊ केली, ती आम्ही थांबवली. पिल्लाला सावलीत पाटीखाली झाकून ठेवलं आणि वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर फोन केला. तुमच्याकडे असं झालं तर हेच करा. काठावर तंगूसाच्या जाळ्यांचे तुकडे दिसले तर उचलून आणा, त्यात पक्ष्यांचे पाय अडकतात. औषध फवारणीचा पंप तळ्यात धुऊ देऊ नका.

जूनच्या पहिल्या पावसानंतर झाड रिकामं झालं. मावशींचं नुकसान पूर्ण भरून निघालं असं आम्ही म्हणणार नाही. चिंच निम्मीच हाती आली. खताची पोती मात्र भरली आणि ती गटातल्याच परसबागांना गेली. आता भरपाईसाठी कुठे अर्ज करता येतो, त्याची चौकशी आमचा गट करतो आहे. लाकूडवाला पुन्हा आला होता. मावशींनी त्याला ओट्यावरूनच सांगितलं, "आता फेब्रुवारीत पाहुण्या यायच्यात, झाड रिकामं नाही."

मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीआधी एक काम करा. आपल्या गावात पाण्याजवळची मोठी चिंच, वड, पिंपळ, बाभूळ अशी किती झाडं उरली आहेत ती मोजा. कुणाच्या दारात आहेत ते लिहा आणि त्या घरची अडचण काय आहे ते विचारा. मग तुमच्या गटाला त्यात काय करता येईल ते ठरवा, आणि आम्हालाही कळवा.