आश्वासन देण्याआधी

एमएसडब्ल्यूचे, म्हणजे समाजकार्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाचे विद्यार्थी आमच्या रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात फिल्डवर्कला आले की पहिले काही आठवडे मी त्यांचे अहवाल पेन्सिल घेऊन वाचते. प्रत्येक वाक्याशेजारी एक अक्षर लिहिते. विद्यार्थ्याने स्वतः पाहिलं असेल तर ‘पा’, कुणाकडून ऐकलं असेल तर ‘ऐ’, आणि मनाने ठरवलं असेल तर ‘ठ’. ‘वडील व्यसनी असून घरातील वातावरण तणावपूर्ण आहे,’ असं वाक्य येतं. वडील भेटले का? नाही. मग कोण म्हणालं? आई. नेमकं काय म्हणाली? ‘पगार झाला की दोन दिवस घरी येत नाहीत.’ मग तेवढंच लिहायचं. हा कागद फाइलला लागतो. डॉक्टर तो वाचतात, कधी बालकल्याण समितीही वाचते. त्या माणसाला कधीही न भेटलेल्या चार जणांच्या निर्णयात ‘व्यसनी’ हा शब्द जाऊन बसतो.

विद्यार्थी कामाला लायक झाला की नाही, हे ठरवताना मी एकच गोष्ट शोधते: त्याच्या शब्दावर विसंबता येतं का. लिहिलेल्या, बोललेल्या आणि दिलेल्याही. कळकळ बहुतेकांकडे असतेच, ती घेऊनच मुलं या अभ्यासक्रमाला येतात. सिद्धान्त वाचून येतात. शब्द जपून वापरणं मात्र माणसांसमोर बसूनच अंगवळणी पडतं.

आपल्याकडे समाजकार्याचं शिक्षण सुरू झालं तेच वस्तीतून. क्लिफर्ड मॅनशार्ट मुंबईत नागपाडा नेबरहूड हाऊस हे वस्तीतलं केंद्र चालवत होते. तिथेच 1936 मध्ये सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क उभं राहिलं, आजची टाटा समाजविज्ञान संस्था. म्हणूनच फिल्डवर्क हा या अभ्यासक्रमाचा कणा मानला जातो. आठवड्यातले दोन दिवस एजन्सीत, त्यावरचे अहवाल, सुपरव्हायझरबरोबर वैयक्तिक चर्चा (आय.सी.), गटाची चर्चा (जी.सी.), शेवटी एजन्सीत सलग काम म्हणजे ब्लॉक प्लेसमेंट आणि तोंडी परीक्षा म्हणजे व्हायवा. रचना चांगली आहे. पण विद्यार्थी प्रत्यक्ष माणसाशी बोलत असताना त्याच्याजवळ बसून कुणी पाहिलं का, हा प्रश्न तिच्यात बऱ्याचदा सुटून जातो. आम्ही वाचतो तो त्याने नंतर लिहिलेला वृत्तान्त.

त्यासाठी आम्ही सराव-मुलाखत घेतो. विभागातली एक अनुभवी सहकारी आईची भूमिका करते. प्रसंग ठरलेला असतो: सोळा वर्षांची मुलगी, दोन महिने पाळी चुकलेली, बाहेर बाकावर बसलेली. आई खुर्चीच्या कडेवर टेकते, पदर बोटाला गुंडाळते, दाराकडे बघते आणि म्हणते, “मॅडम, एक सांगायचंय. पण तुम्ही कुणाला सांगणार नाही ना?”

“नाही मावशी, विश्वास ठेवा. इथलं बोलणं इथंच राहील,” असं कुणी पटकन म्हणून जातं. आवाज मायेचा असतो, हेतू शुद्ध असतो, आणि वाक्य पाळता येणारं नसतं. पॉक्सो कायदा 2012 चा आहे. त्याच्या कलम 19 नुसार, अठरा वर्षांखालच्या मुलीवर लैंगिक गुन्हा घडल्याचं कळलं तर ते पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे; न कळवणं हा कलम 21 नुसार गुन्हा. आज दिलेला शब्द उद्या मोडला, तर ती आई पुन्हा कुठल्याच दवाखान्याची पायरी चढायची नाही.

दुसरी एक विद्यार्थिनी पेन खाली ठेवते. “मावशी, सांगा ना. पण त्याआधी मला एक सांगू दे. मुलगी अठराच्या आतली असेल आणि तिच्या बाबतीत काही घडलं असेल, तर कायद्याने आम्हाला कळवावं लागतं. ते कसं होतं, हे आधी तुम्हाला समजावून सांगेन. तुमच्या माघारी काही करणार नाही.” आई गप्प होते. विद्यार्थिनीही गप्प राहते. ती शांतता भरून काढायला पुढचा प्रश्न फेकत नाही. थोड्या वेळाने आई विचारते, “नाव बाहेर जाईल का?” इथे पुन्हा कसोटी. गर्भपातासाठी आलेल्या अल्पवयीन मुलीने आणि पालकांनी विनंती केली, तर डॉक्टरांनी पोलिसांना कळवताना तिची ओळख उघड करण्याची गरज नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये म्हटलं आहे. विद्यार्थिनीला हे ठाऊक हवं. पण डॉक्टरांच्या वतीने हमी देऊन टाकणं तिचं काम नाही. “त्याची सोय आहे. आपण दोघी मिळून डॉक्टरांशी बोलू,” एवढं ती म्हणते, आणि तेवढंच खरं आहे.

वैद्यकीय शिक्षणात अशी परीक्षा जुनी. स्कॉटलंडमध्ये डंडी इथल्या रोनाल्ड हार्डन यांनी 1975 मध्ये ‘ऑस्की’ पद्धत मांडली. टोरांटो विद्यापीठातल्या मॅरियन बोगो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती समाजकार्यासाठी बेतली आणि मुलाखतीनंतर लगेच विद्यार्थ्याशी सविस्तर संवाद जोडला. मला तो संवाद फार मोलाचा वाटतो. ‘ती गप्प झाली तेव्हा तुझ्या मनात काय चाललं होतं?’ असं विचारलं की ‘मी समानुभूती दाखवली’ हे पाठ उत्तर एकीकडून येतं. दुसरी म्हणते, ‘मला भीती वाटली, ती उठून जाईल. तरी थांबले.’ दुसरीला स्वतःची भीती ओळखू आली आणि ती भीती तिने त्या बाईच्या माथी मारली नाही.

मग खरा वॉर्ड. तिथे सगळ्यात महागात पडणारं वाक्य ‘उद्या बघते’. फिल्डवर्क आठवड्यातून दोनच दिवस. उद्या विद्यार्थिनी येणारच नसते. नातेवाईक विभागाच्या दाराशी ताटकळत बसतात. तयार झालेली विद्यार्थिनी वार सांगते, मधल्या दिवसांत कुणाला भेटायचं ते सांगते आणि निघण्याआधी वहीत नोंद करून आमच्या हाती देते. ‘बिल माफ होईल’ हेही तसंच. धर्मादाय रुग्णालयांत 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखीव असतात. पण खाट रिकामी आहे का, उत्पन्नाचा दाखला आणि रेशनकार्ड बसतं का, हे पाहिल्यावाचून तोंडातून ‘होईल’ निघालं, की घरचे पैशांची जुळवाजुळव थांबवतात.

डॉक्टर किंवा वकिलांना परिषदेकडे नोंदणी केल्याशिवाय काम करता येत नाही. 2021 च्या संलग्न आरोग्य व्यवसाय कायद्याच्या यादीत वैद्यकीय आणि मनोविकार समाजकार्यकर्ते आले. बालगृहं, वस्त्या, महिला समुपदेशन केंद्रं अशा ठिकाणी काम करणारे बाकीचे त्याबाहेरच राहिले. त्यांच्यासाठी महाविद्यालयाची गुणपत्रिका हीच शेवटची चाळणी आहे. म्हणून ती चाळणी पक्की हवी. प्रत्येक विद्यार्थ्याची निदान एक मुलाखत कुणीतरी समोर बसून पाहिलेली असावी, एजन्सीतल्या सुपरव्हायझरच्या मताला व्हायवाइतकं वजन असावं, आणि ज्याची तयारी झालेली नाही त्याला तसंच पास करण्याऐवजी आणखी काही महिने फिल्डवर्क द्यावं. त्या वाढीव महिन्यांमुळे विद्यार्थ्याचं नुकसान होत नाही. अपुरी तयारी घेऊन तो बाहेर पडला, तर त्याची किंमत अशा कुटुंबाला मोजावी लागते ज्याच्याकडे दुसरीकडे जाण्याची सोय नसते.