चाबकाशिवायची बारी

मावळ, खेड, आंबेगाव, जुन्नर या पट्ट्यातल्या बैलगाडा शर्यतीत धावत्या गाड्यावर माणूस नसतो. सातारा-सांगलीकडे कासरे हातात घेऊन गाडीवान गाडीवर असतो; इकडे मागची जोडी धुरेला, पुढची जुकाटाला जुंपायची, सर्वांत पुढे घोडीवर स्वार, आणि निशाण पडले की सगळे सोडून द्यायचे. घोडी उसळते, तिच्यामागे चारही बैल घाट, म्हणजे शर्यतीची चढाची वाट, चढतात आणि चांगली बारी, म्हणजे एका गाड्याची धाव, अकरा-बारा सेकंदांत संपते. सुटण्याआधीची घालमेल नीट पाहावी. जुकाटाच्या बैलांना तिघे-चौघे धरून असतात, कोणी वशिंडावर थाप देतो, कोणी नावाने चुचकारतो, आणि बैल पुढचे खूर मातीत रुतवून घोडीवर नजर लावतो. एकदा हात सुटले की मालकाच्या ताब्यात काही उरत नाही. जे कमवायचे ते आधीच गोठ्यात कमावलेले असते. जनावरावरची माया आणि जिंकण्याची ईर्ष्या एकत्र नांदू शकते का, हा प्रश्न जगभर विचारला जातो. मावळचा घाट त्याला होकार देतो असे माझे मत आहे, पण एका अटीवर: वेग विश्वासातून आला पाहिजे, मारातून नव्हे.

गोठ्यातली ही कमाई सोपी नसते. शर्यतीचा बैल बहुधा खिलार, म्हणजे माणदेशातून आलेली चपळ, काटक आणि तापट जात. परक्या माणसाला तो जवळ येऊ देत नाही, पण रोज वैरण घालणाऱ्याच्या पायरवावर कान टवकारतो. खुराक, मालिश, चालवणे, पोहवणे, जोडीदार बैलाची आणि घोडीची सवय लावणे, हे सारे घरातल्याच माणसांच्या हातून होते. प्राण्यांच्या वर्तनाचा अभ्यास करणाऱ्यांनी दाखवून दिले आहे की गुरे माणसे वेगवेगळी ओळखतात आणि मारणाऱ्यापासून लांब राहतात. शिवाय बैलाची नजर जवळजवळ चौफेर असल्यामुळे बाजूने उगारलेली काठीही त्याला दिसते. अशा जनावराला घाबरवून एखादी बारी मिळेल. मात्र पुढच्या यात्रेत तेच जनावर जू पाहताच अंग चोरेल.

नाते नसताना स्पर्धा लादली की काय होते, हे २०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकमध्ये दिसले. आधुनिक पेंटॅथलॉनमध्ये खेळाडूला चिठ्ठीने आलेला अनोळखी घोडा मिळे आणि त्याच्याशी जुळवून घ्यायला फक्त २० मिनिटे. जर्मनीची आनिका श्लॉय आघाडीवर होती, पण सेंट बॉय नावाचा घोडा उडी घ्यायला तयारच होईना. तिच्या प्रशिक्षिकेने घोड्याला ठोसा मारला आणि त्या प्रशिक्षिकेला ऑलिंपिकमधून बाहेर काढण्यात आले. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकनंतर त्या खेळातून घोडेस्वारीच वगळली गेली. ज्या घोडेस्वारीत स्वार आणि घोडा वर्षानुवर्षे एकत्र सराव करतात ती मात्र टिकून आहे, आणि तिथेही चाबकावर मर्यादा आहेत.

शर्यतीच्या विरोधकांचा आक्षेप गंभीर आहे. बैल घोड्यासारखा धावण्यासाठी घडलेला नाही, तो भीतीपोटी पळतो, असे ते म्हणतात. केंद्र सरकारने जुलै २०११ मध्ये प्रदर्शन व खेळासाठी मनाई असलेल्या प्राण्यांच्या यादीत बैल घातला, आणि ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने याच आधारावर शर्यती थांबवल्या. २०१७ मध्ये राज्याने कायदा दुरुस्त केला, १६ डिसेंबर २०२१ रोजी सशर्त परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने ती दुरुस्ती वैध ठरवली. परंतु न्यायालयात जिंकल्याने आक्षेप निकाली निघाला असे मानू नये. भीतीनेही वेग येतो, त्यामुळे केवळ घड्याळातल्या सेकंदांवरून माया सिद्ध होत नाही. ती पाहायची तर बारीच्या आधी आणि नंतर पाहावी: बैल जू सहज घेतो का, वर पोचल्यावर मालकाच्या हाकेला शांत होतो का, अंगावर वळ आहेत का.

दुसरा आक्षेप पैशाचा. बक्षिसे आता दुचाकी आणि ट्रॅक्टरपर्यंत गेली आहेत, नामांकित बैलांचे मोल लाखांत होते, आणि मोह वाढला की शेपूट पिरगाळणे, टोचणी, विजेचा झटका हे सारे आडमार्गाने शिरते. शर्यत नसेल तर देशी बैल कोणी पाळणार नाही, हा मालकांचा युक्तिवाद खोटा नाही. २०१२ ते २०१९ या दोन पशुगणनांमध्ये देशातली नर गुरे सुमारे ३० टक्क्यांनी घटली, आणि मावळच्या भातखाचरांतही चिखलणीला आता पॉवर टिलर फिरतो. पण जात वाचवायची म्हणून त्या जातीच्या प्रत्येक बैलाने मार खावा, हे कोणत्याच हिशेबात बसत नाही. शर्यतीच्या नियमांत काठी, चाबूक, विजेचे साधन आणि उत्तेजक द्रव्ये यांना बंदी आहे, धावेची कमाल मर्यादा १,००० मीटर आहे, पशुवैद्यकाची तपासणी सक्तीची आहे. गाड्यावर माणूसच नसलेल्या मावळच्या शर्यतीला यातले काहीही जाचक वाटण्याचे कारण नाही.

लोणावळ्याला येणाऱ्या पर्यटकाला मावळ धबधब्यांपुरता ठाऊक असतो. या तालुक्याची जनावरावरची माया त्याला दाखवावी, इतकी ती खरी आहे. ते काम यात्रा कमिट्यांचे आणि गाडामालकांचे आहे. पोलिसांची किंवा प्राणिमित्रांच्या कॅमेऱ्याची वाट न पाहता, बैलाच्या अंगावर वळ दिसला की ती बारी बाद करावी, मग गाडा कितीही नामांकित असो. शर्यत सुरू राहावी असे ज्यांना मनापासून वाटते, त्यांनीच हा नियम आधी पाळायला हवा.