दमांची भोकरवाडी, आमचं कळंब

एक प्रश्न विचारते, खरं उत्तर द्या. तुमच्या ऑफिसमध्ये सगळ्यात सफाईदार थाप कोण मारतं? 'नव्वद टक्के काम झालंय' असं क्लायंटला छातीठोक सांगणारा प्रोजेक्ट मॅनेजर, की 'ट्रॅफिकमध्ये अडकलोय' हा मेसेज पांघरुणातून टाकणारा तुमचा दोस्त? दोघंही आपापल्या जागी ग्रेट आहेत. पण बॉस, मराठीत थापेला खरी इज्जत मिळवून दिली ती एका मास्तरांनी. नाव दत्ताराम मारुती मिरासदार. वाचकांसाठी द. मा. आणि प्रेमानं नुसते 'दमा'.

शाळेच्या वयात वाचलेले दमा आणि तिशीच्या आसपास रूमवर एकटीनं वाचलेले दमा, हे दोन वेगळे लेखक आहेत. पहिल्यांदा नुसतं हसू येतं. दुसऱ्यांदा हसता हसता मध्येच प्रश्न पडतो, की आपण नेमकं कुणाला हसतोय? निदान मला तरी पडला.

कारण मी कळंबची. जिल्हा धाराशिव, जो २०२३ पर्यंत कागदोपत्री उस्मानाबाद होता. नोकरी हिंजवडीत. पहिल्याच वर्षी मीटिंगमध्ये 'मी रिपोर्ट करायलेय' असं बोलून गेले आणि पुढचे सहा महिने 'करायलेय' हेच माझं नाव पडलं. लंचला कुणीतरी मुद्दाम विचारायचं, 'काय जेवायलीस?' की सगळे खूश. मीही हसायचे. मग हळूहळू 'करतेय', 'जेवतेय' जिभेवर बसवलं. आता आईशी फोनवर एक मराठी आणि सकाळच्या कॉलवर दुसरी. वाचणाऱ्यांपैकी निम्म्यांनी हे केलंय, मला पक्कं माहीत आहे.

अशा मूडमध्ये 'भोकरवाडीच्या गोष्टी' हातात आलं. उघडताना थोडी धाकधूकच होती. पुण्यात स्थायिक झालेला प्राध्यापक, गावाकडची पात्रं, विनोदी कथा... म्हणजे पुन्हा तेच 'काय जेवायलीस?' का?

तर नाही.

आधी दमांचा बायोडेटा थोडक्यात. जन्म १४ एप्रिल १९२७, अकलूजचा. शाळा अकलूज आणि पंढरपूरला, पुढचं शिक्षण पुण्यात. मग तिथेच आधी शाळेत मास्तर आणि नंतर गरवारे कॉलेजात मराठीचे प्राध्यापक. १९९८ साली आमच्या शेजारच्या बीड जिल्ह्यात, परळी वैजनाथला मराठी साहित्य संमेलन भरलं, त्याचे अध्यक्ष तेच होते. २ ऑक्टोबर २०२१ ला पुण्यात गेले, चौऱ्याण्णवाव्या वर्षी. कळंबहून बार्शीमार्गे पुण्याला येणारी एसटी टेंभुर्णीला थांबते, तिथून अकलूज फार लांब नाही. गंमत म्हणजे दमांच्या लहानपणी तिकडं इंग्रजांचं राज्य आणि आमच्याकडं निजामाचं! १९४८ च्या सप्टेंबरात निजामाचं राज्य गेलं. पण सरकारं वेगळी असली तरी पारावरच्या गप्पा दोन्हीकडं सारख्याच असणार.

या गप्पांवरच भोकरवाडी उभी आहे. नाना चेंगट, बाबू पैलवान, गणामास्तर, शिवा जमदाडे ही तिथली कोअर टीम. कामधंदा यथातथा, वेळ भरपूर आणि आत्मविश्वास तर ओसंडून वाहणारा. कुणीतरी एक आयडिया काढतो, दुसरा तिला पाठिंबा देतो, तिसरा शंका काढतो आणि संध्याकाळपर्यंत सगळं गाव त्यात अडकलेलं असतं. त्यांच्या एका पुस्तकाचं नावच 'भोकरवाडीतील रसवंतिगृह' आहे. स्टार्टअपची स्वप्नं बघणाऱ्यांनी निदान नावासाठी तरी ते शेल्फवर ठेवावं.

आता मुद्द्याचं. भोकरवाडीची माणसं 'गावठी' बोलतात म्हणून विनोद होत नाही. दमांचं निवेदन साधं, सरळ पुस्तकी मराठीत चालतं. माणसं मात्र आपल्या भाषेत बोलतात आणि लेखक मध्ये तोंड घालून त्यांना सुधारत नाही, की वाचकाला डोळाही मारत नाही. हसू येतं ते त्यांच्या गंभीरपणाचं. थाप मारणाऱ्याचा स्वतःच्या थापेवर बसलेला विश्वास, हा दमांचा खरा विषय. 'भुताचा जन्म' या गाजलेल्या कथेच्या नावातच सगळं आलं. भूत मेलेल्या माणसातून येत नाही, जिवंत माणसांच्या बोलण्यातून जन्माला येतं. कंपनी विकली जाणार, बोनस कापणार, अमक्याला नारळ मिळणार, अशा बातम्या आपल्याकडं कॉफी मशीनपाशी कशा जन्मतात ते आठवा. ते भूत आणि हे भूत सख्खे भाऊ.

मास्तरकीचा अनुभवही त्यांनी वाया घालवला नाही. 'व्यंकूची शिकवणी' वाचून ज्याला आपल्या ट्यूशन टीचरची दया आली नाही, त्यानं लहानपणी अभ्यासच केला नसावा. इथे मला तिकडचा एक हंगेरियन आठवतो, फ्रिगेश कारिन्थी. यानंही १९१६ मध्ये बुडापेस्टच्या शाळकरी पोरांवर खुसखुशीत लेखांचं पुस्तक लिहिलं आणि ते तिकडच्या पोरांच्या पिढ्यान् पिढ्या वाचत आल्या. याच कारिन्थीनं १९२९ च्या एका गोष्टीत अशी कल्पना मांडली, की पाच ओळखीच्या साखळीतून जगातल्या कुठल्याही माणसापर्यंत पोचता येईल. नेटवर्किंगवाल्यांनो, तुमचा फंडा एका विनोदी लेखकानं आधीच सांगून ठेवलाय. आमच्या एसटीत मात्र पाच लागत नाहीत. 'कुणाची गं तू?' या एका प्रश्नात काम होतं.

दमा नुसते वाचायचे लेखक नव्हते, ऐकायचे होते. व्यंकटेश माडगूळकर, शंकर पाटील आणि दमा या तिघांनी साठच्या दशकापासून कथाकथनाचे कार्यक्रम गावोगाव केले. एक माईक आणि एक माणूस, नेपथ्य वगैरे काही नाही. आज आपण पाचशे रुपयांचं तिकीट काढून स्टँडअपला जातो, त्याचे हे आजोबाच. फरक एवढाच, की स्टँडअपवाल्याला दर तीस सेकंदांनी हशा लागतो आणि दमा आरामात गोष्ट मुरू देतात. 'माझ्या बापाची पेंड' नेटवर त्यांच्याच आवाजात ऐका. पडद्यावर बघायचे असतील तर १९८२ चा 'एक डाव भुताचा' आहे. पटकथा-संवाद त्यांचे, शिवाय हेडमास्तरही तेच झालेत.

पण सगळंच गोड मानून घ्यायला मी तयार नाही. भोकरवाडीच्या त्या टीममध्ये एक तरी बाई आहे का? कट्टा पुरुषांचा, रिकामा वेळ पुरुषांचा. माझ्या आजीला चावडीवर बसून थापा मारायला कधी वेळ मिळाला नाही, आणि मारल्या असत्या तर तिनं नाना चेंगटाला सहज मागं टाकलं असतं. दुसरं म्हणजे, या गावात आयडिया फसतात पण माणसं उद्ध्वस्त होत नाहीत. आमच्याकडं पाऊस फसला की होतात. आमच्याच कळंब तालुक्यातल्या हासेगावात १९४५ साली जन्मलेल्या भास्कर चंदनशिव यांची 'लाल चिखल' तुम्ही शाळेत वाचली असेल. टोमॅटोला भाव मिळत नाही म्हणून बाप भर बाजारात स्वतःचाच माल पायानं तुडवतो, ती कथा. भोकरवाडीच्या शेजारी हा बाजार ठेवून बघा. दमांनी मुद्दाम हे टाळलं असं मी म्हणत नाही, त्यांची वाटच वेगळी होती. पण फक्त भोकरवाडी वाचून 'गाव म्हणजे धमाल' असं समजणाऱ्यांना कळंबच्या आठवडी बाजारात एक चक्कर मारून आणावीशी वाटते.

आणि आमची बोली? तिला हक्कानं स्टेजवर नेलं औरंगाबादच्या विद्यापीठात नाट्यशास्त्र शिकवणाऱ्या प्रा. लक्ष्मण देशपांडे यांनी. 'वऱ्हाड निघालंय लंडनला'मध्ये हा माणूस एकटा बावन्न पात्रं उभी करायचा, आणि मराठवाड्याचं बोलणं ऐकायला पुण्या-मुंबईतली थिएटरं भरायची. गिनीज बुकात नाव गेलं. २००९ मध्ये ते गेले. लोक तिथंही पोट धरधरून हसायचे, पण विमानात बसलेलं ते वऱ्हाड कुणापुढं ओशाळत नव्हतं. जग आपल्यासारखं नाही, हा जगाचा प्रॉब्लेम, असा त्यांचा थाट. हा थाट दमांच्या पात्रांतही आहे. माझ्याकडं तो पहिल्या वर्षी नव्हता. असता तर 'काय जेवायलीस?'ला सरळ 'भाकरी खायलेय, तुला पाहिजे का?' म्हणाले असते.

हल्ली म्हणते. मुद्दाम नाही, आपोआप निघतं. टीममध्ये लातूरचा एक नवा पोरगा आलाय, तो बिनधास्त 'सर, टेस्टिंग करायलाव' म्हणतो आणि मॅनेजर 'ओके' म्हणतो. बास, विषय संपला.

दमा सुरू करायचे असतील तर माझा सल्ला ऐका, मनातल्या मनात वाचू नका. विकेंडला रूमवर चार जण जमवा आणि एकानं मोठ्यानं वाचा. आम्ही मागच्या शनिवारी भोकरवाडी लावली होती. रूममेट नागपूरची आहे. तिच्या वाट्याला नाना चेंगट आला आणि तिनं त्याला चक्क वऱ्हाडीत बोलायला लावलं. तो तिथंही शोभला.