उंटाचा हल्ला

कामगार संघटनेचा माणूस बुद्धिबळावर काय बोलणार, अशी शंका काहींना आली असेल. शाळा अर्धवट सुटलेल्या माझ्यासारख्याला ज्या थोड्या गोष्टींनी विचार करायला शिकवले, त्यांत हा पट आहे. शिवाय ही विद्या आपल्या माणसांची आहे. १९५५ सालच्या पहिल्या राष्ट्रीय स्पर्धेत रामचंद्र सप्रे संयुक्त विजेते ठरले. २०२५ साली नागपूरच्या दिव्या देशमुखने महिलांचा विश्वचषक जिंकला.

नवशिका खेळाडू सारी भिस्त वजिरावर ठेवतो. उंट मात्र घरीच बसून राहतो. मोकळ्या पटाच्या मध्यावर हाच उंट १३ घरांवर मारा करतो, कोपऱ्यात फक्त ७ घरांवर. त्याची वाट अडते ती बहुधा आपल्याच प्याद्यांनी. म्हणून पहिला नियम असा : उंट ज्या रंगाच्या घरांवरून चालतो, त्या रंगावर आपली प्यादी शक्यतो रोवू नयेत.

हल्ल्याचे दोन प्रकार आधी शिकावेत. पहिला जखडण्याचा. उंट आणि शत्रूचा राजा यांच्यामध्ये घोडा सापडला, तर त्याला हलता येत नाही. हलला तर राजाला शह बसतो. अशा घोड्यावर मग साधे प्यादे चालवावे. दुसरा प्रकार आडोशाचा. उंटापुढे आपलेच मोहरे उभे असते; ते बाजूला होताच उंटाचा शह पडतो आणि हललेले मोहरे वाटेल ते मारून घेते.

या दुसऱ्या प्रकाराचा नामांकित डाव १९२५ साली मॉस्कोत झाला. मेक्सिकोच्या तरुण कार्लोस तोर्रेसमोर २७ वर्षे जगज्जेतेपद भूषवलेले इमान्युएल लास्कर होते. तोर्रेने उंट पुढे सरकवला आणि वजीर मारू दिला. मग हत्तीने राजापुढचे प्यादे मारून शह दिला. राजा कोपऱ्यात गेला. त्याच्या आणि उंटाच्या मध्ये आता तो हत्ती होता. हत्तीने बाजूला होऊन प्यादे मारले, उंटाचा शह पडला. राजा शेजारच्या घरात सरकला. हत्ती परत आला, पुन्हा शह. उंटाचा जोर असल्याने राजाला तो मारता येईना. याच फेऱ्यांत लास्करचा एक उंट गेला आणि अखेर वजीरही परत मिळाला. तोर्रेचा उंट तेवढा वेळ जागचा हलला नाही. शेवटी राजाने त्याला मारले, पण डाव तोर्रेने जिंकला.

उंटाची मर्यादाही ध्यानात असू द्या. ६४ पैकी ३२ घरांवर त्याचे पाऊल कधीच पडत नाही. उरलेला पट हत्ती, घोडे आणि प्यादी यांनी सांभाळायचा असतो. एकट्या उंटाला पुढे धाडून डाव जिंकता येत नाही. आमच्या संघटनेतही जो पुढे बोलतो त्याच्यामागे कोण उभे आहे, यावरच त्याच्या शब्दाचे वजन ठरते. आज घरी गेल्यावर पट मांडा आणि मुलांना एवढेच विचारा : तुझ्या उंटाची वाट कोणी अडवली आहे?