शब्द ओळखीचे, अर्थ वेगळे : कॅथलिक श्रद्धेविषयीचे काही गैरसमज

गुड फ्रायडेच्या सकाळपासून मोबाइलवर संदेश येऊ लागतात. फुलं, मेणबत्त्या, आणि खाली 'हॅपी गुड फ्रायडे'. पाठवणाऱ्याच्या मनात माया असते, म्हणून सहसा त्याला कुणी दुरुस्त करत नाही. पण आमच्याकडे तो उपवासाचा आणि शोकाचा दिवस. येशूला क्रुसावर खिळलं तो हा दिवस. चर्चमधल्या वेदीवरचं कापडसुद्धा काढून ठेवलेलं असतं, घंटा वाजत नाही, आणि जगभरातल्या कुठल्याही कॅथलिक चर्चमध्ये त्या दिवशी मिस्सा, म्हणजे ख्रिस्तप्रसादाचा उपासनाविधी, होत नाही. दुपारी लोक जमतात ते येशूच्या दुःखसहनाचं वाचन ऐकायला आणि क्रुसाला वंदन करायला. इंग्रजीतल्या 'गुड'चा इथला जुना अर्थ 'पवित्र' असा आहे. आनंदाचा दिवस उजाडतो तो त्यानंतरच्या रविवारी, ईस्टरला.

कॅथलिक श्रद्धेविषयीचे बरेचसे गैरसमज असेच एखाद्या शब्दात दडून बसलेले आहेत. शब्द ओळखीचा वाटतो, मग आपण त्याला आपल्या सवयीचा अर्थ लावून मोकळे होतो. हे केवळ बाहेरच्यांचं होतं असंही नाही. दर रविवारी मिस्साला जाणाऱ्या कॅथलिकांच्या तोंडूनही यातले काही गैरसमज मी ऐकले आहेत.

सगळ्यात मोठा घोळ 'पूजा' या शब्दाचा. सप्टेंबरात वांद्र्याच्या मत माउलीची जत्रा भरते. हिंदू, मुसलमान, पारशी, ख्रिस्ती असे सगळे डोंगर चढतात. हात दुखत असेल तर मेणाचा हात, घर हवं असेल तर मेणाचं घर वाहतात. हे पाहणाऱ्याला वाटतं, मत माउली म्हणजे येशूची आई मारिया ही कॅथलिकांची देवी. वस्तुस्थिती अशी की आराधना फक्त देवाची, हा कॅथलिक धर्माचा पक्का सिद्धान्त आहे. मारिया माणूस आहे. साऱ्या संतांहून तिचा मान मोठा, तरीही ती माणूसच. देवाची आराधना वेगळी आणि संतांचा सन्मान वेगळा, हा भेद इ. स. ७८७ मध्ये निकेआच्या दुसऱ्या धर्मपरिषदेने स्पष्ट शब्दांत मांडला. प्रतिमेपुढे केलेलं वंदन प्रतिमेला पोचत नाही, ती ज्याची आहे त्याला पोचतं, हेही त्याच परिषदेने सांगितलं. जपमाळेच्या प्रार्थनेत मारियेकडे मागणं असतं ते एकच : आमच्यासाठी देवाकडे शब्द टाक. घरातल्या देवभोळ्या आजीला आपण परीक्षेच्या सकाळी 'माझ्यासाठी प्रार्थना कर' म्हणतो, त्याच जातीची ही विनवणी आहे. संतांचंही तेच. वसईत जन्मलेला गोन्सालो गार्सिया १५९७ मध्ये जपानात नागासाकीला क्रुसावर हुतात्मा झाला आणि १८६२ मध्ये संत म्हणून जाहीर झाला. त्याच्या नावाने वसईकर प्रार्थना करतात, तेव्हा आपल्या गावचा एक माणूस देवाजवळ आपली बाजू मांडतो आहे, अशी त्यामागची भावना असते. मात्र मेणाचं घर वाहिलं की खरं घर मिळालंच पाहिजे, असा सौदा कुणाच्या मनात असेल तर तो श्रद्धेचा भाग नाही. वाहणारा कॅथलिक असला तरी नाही.

मारियेबाबतच आणखी एक चूक फार पसरलेली आहे आणि ती सुशिक्षित कॅथलिकही करतात. 'निष्कलंक गर्भसंभव' म्हणजे येशूचा कुमारिकेच्या पोटी झालेला जन्म, असं समजलं जातं. पणजीच्या पायऱ्यांच्या प्रसिद्ध चर्चचं नाव याच गर्भसंभवावरून आहे आणि तिथलं फेस्त ८ डिसेंबरला असतं. थोडा हिशेब केला की उलगडा होतो. मारियेचा जन्मोत्सव ८ सप्टेंबरला, म्हणजे ८ डिसेंबरनंतर बरोबर नऊ महिन्यांनी. येशूच्या गर्भधारणेचा सण २५ मार्चला, नाताळच्या नऊ महिने आधी. तेव्हा ८ डिसेंबरला जिचा गर्भसंभव साजरा होतो ती स्वतः मारिया. तिचा जन्म आईबापांपासून इतरांसारखाच झाला, पण गर्भात येण्याच्या पहिल्या क्षणापासून देवाने तिला आदिपापाच्या, म्हणजे माणसाला जन्मतः लागणाऱ्या पापाच्या, डागापासून मुक्त ठेवलं, असा हा सिद्धान्त. तो पोप नववे पायस यांनी १८५४ मध्ये विधिवत जाहीर केला.

पोपमहोदयांचं नाव निघालं की 'पोप कधीच चुकत नाहीत, असं कॅथलिक मानतात' हे वाक्य येतंच. १८७० च्या पहिल्या व्हॅटिकन परिषदेने मांडलेला सिद्धान्त याहून खूपच अरुंद आहे. पोप साऱ्या ख्रिस्तसभेचे गुरू या नात्याने, श्रद्धा किंवा नीती यांविषयीची एखादी शिकवण सर्वांवर कायमची बंधनकारक म्हणून घोषित करतात, तेवढ्यापुरतीच त्यांची अचूकता मानली जाते. त्यांची मुलाखत, राजकारणावरचं मत, कारभारातला निर्णय यांना ती लागू होत नाही. १८७० नंतर या अधिकाराचा असा वापर एकदाच झाला. १९५० मध्ये बाराव्या पायस यांनी मारियेच्या स्वर्गोन्नयनाचा, म्हणजे ती सदेह स्वर्गात नेली गेल्याचा, सिद्धान्त जाहीर केला, तोही जगभरच्या बिशपांचं मत आधी मागवून. अचूक शिकवणं आणि निष्पाप असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पोपही पापांची कबुली द्यायला गुडघे टेकतात. २०१४ मध्ये पोप फ्रान्सिस यांना सेंट पीटर्स बॅसिलिकात सर्वांदेखत ते करताना जगाने पाहिलं.

पापनिवेदनाबद्दल ऐकू येणारं वाक्य असं : 'आठवडाभर वाटेल ते करायचं, शनिवारी फादरच्या कानात सांगायचं, की पाटी कोरी.' मला हा गैरसमज सगळ्यात जास्त लागतो, कारण पापनिवेदनाच्या जाळीसमोर गुडघे टेकताना माणसाला काय जड जातं, ते टेकणाऱ्यालाच ठाऊक. या संस्कारात खरा पश्चात्ताप लागतो आणि पुन्हा तसं न करण्याचा निश्चय लागतो. चोरी केली असेल तर मुद्देमाल परत करावा लागतो, कुणाची बदनामी केली असेल तर ती शक्य तेवढी भरून काढावी लागते. पुढच्या शनिवारी हीच यादी घेऊन येईन, असं ठरवून जो आला त्याला क्षमा मिळालेलीच नसते. धर्मगुरूने शब्द उच्चारले तरी नाही. क्षमा देवाची असते, धर्मगुरू तिचा सेवक. त्यासाठी पैसा घेतला जात नाही. सोळाव्या शतकात पापदंडमाफीच्या नावावर पैसे गोळा झाले, हे खरं आहे. त्यातूनच १५१७ मध्ये धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरचा उद्रेक झाला, आणि १५६७ मध्ये पोप पाचवे पायस यांनी पैशाशी जोडलेल्या अशा साऱ्या माफ्या रद्द केल्या. ऐकलेलं पाप धर्मगुरू कुणालाही सांगू शकत नाही, पोलिसांना नाही आणि बिशपनाही नाही. ते गुपित जाणूनबुजून फोडणारा धर्मगुरू त्याच क्षणी ख्रिस्तसभेतून बहिष्कृत होतो.

धर्मगुरूंच्या ब्रह्मचर्याविषयी थोडक्यात. तो श्रद्धेचा सिद्धान्त नाही, लॅटिन ख्रिस्तसभेची शिस्त आहे. प्रेषित पेत्राच्या तापाने फणफणलेल्या सासूला येशूने बरं केल्याची हकीकत शुभवर्तमानातच आहे. म्हणजे पहिला पोप विवाहित होता. रोमशी एकरूप असलेल्या तेवीस पौर्वात्य ख्रिस्तसभांपैकी अनेकांत विवाहित पुरुषाला आजही गुरुदीक्षा मिळते. दीक्षेनंतर लग्न मात्र कुठेच करता येत नाही.

आता 'परदेशी धर्म' या आरोपाकडे. यात एक जखम आहे आणि ती झाकून चालणार नाही. पोर्तुगीज अमलात धर्मांतराची सक्ती झाली. गोव्याचं इन्क्विझिशन, म्हणजे धर्मन्यायालय, १५६० मध्ये सुरू झालं, मधला थोडा खंड सोडला तर १८१२ पर्यंत चाललं, आणि त्याने माणसांचे हाल केले. पण म्हणून आजचा मराठी कॅथलिक उपरा ठरत नाही. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली, पोर्तुगीज गेले, आणि कॅथलिक वस्ती इथेच राहिली. आडनाव डिसोजा, घरात बोली सामवेदी, आजीच्या अंगावर लाल लुगडं. फादर स्टीफन्स इंग्लंडातून आले खरे, पण त्यांचं 'क्रिस्तपुराण' मराठी ओवीत आहे आणि ते १६१६ मध्ये गोव्यात राचोलला छापलं गेलं. २०२० च्या उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष फादर फ्रान्सिस दिब्रिटो होते. आजच्या शिकवणीबद्दल बोलायचं तर १९६५ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने धर्मस्वातंत्र्याचा जाहीरनामा काढला, आणि श्रद्धा कुणावरही सक्तीने लादता येत नाही, हे ख्रिस्तसभेच्या कायद्यातही आहे. जनगणनेत भारतातल्या ख्रिस्ती लोकांचं प्रमाण १९५१ मध्ये २.३ टक्के होतं आणि २०११ मध्येही २.३ टक्केच आहे.

लग्नाबाबतच्या गैरसमजाने नुकसान होतं ते कॅथलिकांचंच. 'चर्चने घटस्फोट दिला' असं आपण सर्रास म्हणतो. चर्च घटस्फोट देत नाही. लग्नाच्या वेळी संमती खरी नव्हती किंवा एखादी मूलभूत अट पुरी झाली नव्हती असं सिद्ध झालं, तर ते लग्न मुळात झालंच नव्हतं, असा निकाल चर्चचं न्यायालय देतं. त्यामुळे मुलं अनौरस ठरत नाहीत, ही भीती मनातून काढून टाकावी. चर्चच्या निकालाने कायद्याच्या दृष्टीने लग्न मोडत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये स्पष्ट केलं. त्यासाठी दिवाणी न्यायालयातच जावं लागतं. आणि ज्यांचा कायदेशीर घटस्फोट झाला पण ज्यांनी पुन्हा लग्न केलेलं नाही, त्यांनी केवळ तेवढ्यामुळे ख्रिस्तप्रसादापासून दूर राहायची गरज नाही. कित्येक बाया वर्षानुवर्षं शेवटच्या बाकावर बसून राहतात. त्यांना कुणीतरी हे सांगायला हवं.

शेवटचा शब्द 'प्रसाद'. देवळात प्रसाद सर्वांना मिळतो, नाकारणं अपमानाचं. मिस्सात मात्र रांगेतल्या एखाद्या पाहुण्याला तो मिळत नाही, आणि तो दुखावून घरी जातो. यात जातपात नाही की तिरस्कार नाही. वेदीवरची भाकर आणि द्राक्षारस हे येशूचं खरं शरीर आणि रक्त होतात, केवळ त्याची खूण उरत नाही, अशी कॅथलिकांची श्रद्धा आहे. तो प्रसाद घेणं म्हणजे या श्रद्धेला 'आमेन' म्हणणं. म्हणून गंभीर पाप कबूल न केलेला कॅथलिकही त्या रांगेत उभा राहत नाही.

या नाताळला शेजाऱ्यांनी मिस्साला बोलावलं तर जरूर जा. सगळे उभे राहिले की उभे राहा, गुडघे टेकणं जमत नसेल तर शांत बसा. प्रसादाची रांग लागली की आपल्या जागी हात जोडून बसून राहा. त्यात तुमचाही मान राहतो आणि त्यांचाही.