मळ्यांतील अपुरें घर विकतांना

तापीच्या दोहों तीरांवर, विशेषतः रावेर, यावल व चोपडा या बाजूस, गांवापासून कोस-दीड कोस दूर केळीच्या बागेपलीकडे अर्धवट राहिलेलें एखादें घर वाचकांनीं पाहिलें असेलच. जोतें झालेलें, भिंती खिडक्यांपर्यंत आलेल्या, वर छप्पर नाहीं आणि सळया गंजत उभ्या. केळीस भाव बरा होता तेव्हां वडिलांनीं हौसेनें आरंभ केला; पुढें वादळानें बाग आडवी झाली किंवा वडीलच निवर्तले; मुलें सुरत-पुण्यास नोकरीला. आतां घरासह जमीन विकावी असा विचार निघतो. अशा विक्रींत मालक बहुधा ठकतो, व ठकतो तो घरास किंमत अधिक धरून बाकीच्या गोष्टी ढिल्या सोडल्यामुळें, असें आमचें मत आहे. महसूल दप्तरांत फेरफार लिहिण्यांत आमचीं बरीच वर्षें गेलीं. त्यावरून चार शब्द लिहितों.

प्रथम गिऱ्हाइकाचा विचार करूं. निवांत जागा, समोर नदीचें पाणी, तेव्हां शहरांतील एखादा पैसेवाला मागाल ती किंमत देईल, अशी विकणाऱ्याची समजूत असते. परंतु कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम, १९४८, याच्या कलम ६३ प्रमाणें शेतजमीन सामान्यतः शेतकऱ्यास किंवा शेतमजुरासच विकतां येते. इतरांस जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. म्हणून खरें गिऱ्हाईक म्हणजे शेजारचाच बागाईतदार. तो नदीची शोभा विकत घेत नाहीं. तो विहिरीचें पाणी पाहतो, माती पाहतो, रस्ता पाहतो. घराकडे वळला तर एवढेंच विचारतो कीं, येथें खताच्या गोण्या कोरड्या राहतील काय व सालदाराचें कुटुंब राहूं शकेल काय.

यावर कांहीं मंडळी अशी तोड काढतात कीं, घर व भोंवतालचे चार-पांच गुंठे तेवढे विकावे आणि शेत राखावें. तुकडेबंदीचा कायदा १९४७ पासून आहे, आणि २०२३ च्या अधिसूचनेनें जिरायतीस २० गुंठे व बागाईतीस १० गुंठे हें प्रमाणभूत क्षेत्र ठरलें. त्याहून लहान तुकडा सामान्यतः विकतां येत नाहीं. अपवाद आहेत, ते तहसील कचेरींत विचारून घ्यावे, दलालाच्या तोंडून ऐकूं नयेत.

शिवाय असें घर बांधतांना अकृषिक परवानगी बहुधा घेतलेली नसते. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६, हिच्या कलम ४१ नें खातेदारास शेताच्या सोयीसाठीं इमारत बांधण्याची मुभा दिली आहे : अवजारें, पीक व गुरें ठेवण्यास, तसेंच कुटुंबास किंवा गड्यास राहण्यास. शहराजवळ त्यास अधिक अटी आहेत. म्हणजे हें घर शेतीचें अंग म्हणून उभें आहे. तें बंगला म्हणून विकूं नये. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्यें घर लागलें आहे यावरही विसंबूं नये. तें कर आकारणीचें पुस्तक आहे, मालकीचा पुरावा नव्हे.

सातबारा काढल्यावर 'इतर हक्क' हा रकाना नीट वाचावा. विविध कार्यकारी सोसायटीचा बोजा असेल तर प्रथम तो फेडावा; सहकारी संस्था अधिनियम, १९६०, याच्या कलम ४८ प्रमाणें असा बोजा असतां केलेली विक्री रद्द ठरते. जमीन भोगवटादार वर्ग २ ची असेल, किंवा सातपुड्याच्या पायथ्याकडील आदिवासी खातेदाराची असेल, तर परवानगीवांचून विसारही घेऊं नये.

वारसांचें प्रकरण याहून नाजूक असतें. बापाचें घर भाऊ विकतात आणि सासरीं गेलेल्या बहिणीस ती वार्ता परक्याकडून कळते. हिंदु वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मिळकतींत मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे. आमच्या पाहण्यांतील एक प्रकरण असें कीं, विसार घेऊन झाला, उरलेलें लोखंड विकलें गेलें, आणि खरेदीच्या दिवशीं उघड झालें कीं अमळनेरच्या बहिणीचें नांव वारसांत लागलेलेंच नाहीं. गिऱ्हाइकानें विसार परत मागितला. तो तर नातवाच्या कॉलेजच्या फीमध्यें गेलेला. घर अद्याप तसेंच उभें आहे, आणि त्या कुटुंबांत तीन वर्षें भाऊबीज झालेली नाहीं.

आतां रस्ता. निवांत जागा म्हणजे व्यवहारांत पुष्कळदां रस्ता नसलेली जागा. केळीचे घड मालमोटारीपर्यंत नेतां येत नसतील तर त्या बागेस भाव कोण देणार? पुष्कळ मळ्यांची वाट शेजाऱ्याच्या बांधावरून असते, तीही त्याच्या मर्जीवर. बाप हयात होता तोंवर येणें-जाणें, पानसुपारी होती. मुलें शहरांत गेलीं आणि वाटेवर बाभळीचे कांटे पडले. येथें दोन उपाय आहेत व लोक त्यांची गल्लत करतात. वहिवाटीची वाट कोणीं अडविली असेल तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६, याच्या कलम ५ खालीं तहसीलदारांकडे दावा करावा. तो अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांचे आंत केला पाहिजे. वाटच नसेल तर महसूल संहितेच्या कलम १४३ खालीं शेतांच्या सीमेवरून वाट मागतां येते; गरज किती, पूर्वीं जाणें-येणें कोठून होतें, हें पाहून तहसीलदार निर्णय देतात. हें काम विक्रीपूर्वीं उरकावें, मग त्यास वर्ष लागलें तरी लागो. निकालाची नक्कल हातीं असलेल्या मालकास जो भाव मिळतो तो तोंडी वाटेच्या मालकास मिळत नाहीं, आणि त्या फरकांत पुष्कळदां घराचें छप्पर झालें असतें.

नदीकांठाचें सुख सांगतांना पूरही सांगावा लागतो. खानदेशास समुद्रकिनारा नाहीं. पण मुलताईहून निघून सुरतेपलीकडे अरबी समुद्रास मिळणारी ही तापी पावसाळ्यांत समुद्राहून कमी नसते. १९६८ व २००६ सालीं हिच्याच पुरानें सुरत बुडाली. हतनूर धरणाचे ४१ दरवाजे उघडले म्हणजे खालच्या गांवांस काय होतें तें कांठच्यांस ठाऊक आहे. पाटबंधारे खात्यानें निळी व लाल पूररेषा आंखली असेल तेथें आपलें जोतें कोणत्या बाजूस येतें हें पाहून घ्यावें. कोंकणांत विरळ वस्तीच्या गांवीं भरतीरेषेपासून २०० मीटरपर्यंत नव्या घरास सामान्यतः मनाई असते. निळ्या रेषेच्या आंतील बंधन त्याच जातीचें आहे. पूर जोत्यावर चढला असेल तर तें गिऱ्हाइकास सांगावें. सहज न दिसणारा मोठा दोष उघड करण्याचें कर्तव्य संपत्ति हस्तांतरण अधिनियम, १८८२, याच्या कलम ५५ नें विकणाऱ्यावर घातलें आहे. तापीचा कांठ गाळाचा असल्यानें घळी पडून तो खचतो, व उताऱ्यावरील क्षेत्र जागेवर भरत नाहीं. म्हणून सरकारी मोजणी आधींच करून घ्यावी.

घर पुरें करून विकावें काय, असें पुष्कळ जण विचारतात. आमच्या मतें करूं नये. काळी माती उन्हाळ्यांत भेगाळते व पावसाळ्यांत फुगते. पाया पुरेसा खोल नसेल तर भिंती तडकतात, आणि तडकलेल्या भिंतींवर स्लॅबचें ओझें घालण्यांत शहाणपण नाहीं. उघड्या सळयांस सिमेंट कालवून लावावें, जोत्यावर पाणी सांचूं देऊं नये, भेगांतील पिंपळाचीं रोपें उपटावीं, एवढा खर्च पुरे. जमिनीस जडलेली वस्तु जमिनीबरोबर जाते. भिंतीस टेकवून ठेवलेल्या चौकटी जात नाहींत. त्यांची यादी वेगळी करून किंमतही वेगळी ठरवावी.

मुद्रांक शुल्क वाचावें म्हणून खतांत नुसती जमीन लिहून घराचे पैसे हातावर घेण्याची रीत आहे. ती आम्हांस मुळींच मान्य नाहीं. ती रक्कम अडकली तर मागण्यास कागद नसतो, आणि शुल्क कमी भरल्याचें आढळलें तर फरक व दंड भरावा लागतो. विसारपावतीनें मालकी बदलत नाहीं. ती नोंदलेल्या खरेदीखतानेंच बदलते. त्यानंतर फेरफाराची नोटीस निघते व हरकतीस पंधरा दिवसांची मुदत असते. त्या दिवसांत एका भावानें तरी गांवीं राहावें. शेतीपंपाची वीजजोडणी नव्या मालकाच्या नांवें झाल्याचा कागदही त्याच फेरींत घ्यावा. नाहीं तर परक्याच्या मोटारीचें बिल वडिलांच्या नांवें येत राहतें.